हौशी रेडिओचे इंटरनेटवरील सदृशीकरण : काही भाषिक विचार

हौशी रेडिओ या नावाने ओळखला जाणारा व्यवहार शंभराहून अधिक वर्षे चालू आहे. व्यापार, वृत्तप्रसारण किंवा सैनिकी उपयोग यांपैकी कोणताही हेतू मनात न धरता, शासनाचा परवाना घेऊन, स्वतःच्या संचाच्या साहाय्याने दूरच्या अनोळखी माणसाशी संधान बांधावयाचे, एवढेच त्याचे स्वरूप होय. या व्यवहाराची भाषा मात्र मोठी विलक्षण आहे. तीत वाक्ये थोडी, संकेत पुष्कळ. मजकूर अल्प, आणि मजकूर पोहोचला की नाही याची चौकशीच अधिक. भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाने या भाषेकडे आजवर फारसे लक्ष दिलेले नाही. आता इंटरनेटच्या माध्यमातून या व्यवहाराचे हुबेहूब अनुकरण करणाऱ्या प्रणाली निर्माण झाल्यामुळे तिच्याकडे पाहण्याची एक वेगळीच संधी प्राप्त झाली आहे. ज्या अडचणींमुळे ही भाषा घडली त्या अडचणी काढून टाकल्या असता, किंवा त्या मुद्दाम कृत्रिम रीतीने निर्माण केल्या असता, भाषेचे काय होते, हे येथे जवळजवळ प्रयोगशाळेतल्यासारखे पाहावयास मिळते.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. इंटरनेट आणि हौशी रेडिओ यांची जोड अनेक प्रकारांनी घातली जाते, आणि त्या सर्वच प्रकारांना सदृशीकरण म्हणता येत नाही. कॅनडातील डेव्हिड कॅमरन यांनी १९९७ मध्ये सुरू केलेली आयआरएलपी किंवा अमेरिकेतील जोनाथन टेलर यांनी २००२ मध्ये प्रसृत केलेली एकोलिंक या योजनांत इंटरनेट हा केवळ मधला पूल असतो. निदान एका टोकाला बहुधा खरा संच आणि खऱ्या लहरी असतात. नेदरलंड्समधील ट्वेंटे विद्यापीठातील वेबएसडीआरसारख्या सोयीत तर खरा ग्राही संच दूर एके ठिकाणी असतो, आणि तो हलवण्याचा अधिकार तेवढा घरबसल्या मिळतो. तेथे ऐकू येणारी खरखर खऱ्या आकाशातली असते. सदृशीकरण याहून निराळे. केली लिंडमन यांची हॅमस्फिअर ही प्रणाली हे त्याचे ठळक उदाहरण होय. तीत लहरी मुळीच नसतात. संगणकाच्या पडद्यावर संचाचे चित्र असते, फिरवावयाची कळ असते, लघुलहरींचे पट्टे आखलेले असतात. पण दोन माणसांमध्ये प्रत्यक्षात जे जाते ते इंटरनेटवरील ध्वनीचे लहान लहान तुकडे. पट्टा, अंतर, वातावरण, खरखर हे सारे गणिताने मांडलेले असते.

हे गणित कशाचे, हे समजण्यासाठी खऱ्या लघुलहरींची रीत थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. मार्कोनी यांनी १२ डिसेंबर १९०१ रोजी इंग्लंडमधील पोल्ड्यू येथून निघालेले संकेत न्यूफाउंडलंडमध्ये ऐकले, तेव्हा पृथ्वीच्या गोलाईला वळसा घालून लहरी तेथवर पोहोचल्या कशा, हा प्रश्न उभा राहिला. १९०२ मध्ये केनेली आणि हेविसाइड यांनी स्वतंत्रपणे असे सुचवले की, वातावरणाच्या वरच्या भागात विद्युत्‌वाहक थर असावा. १९२४ मध्ये ॲपलटन यांनी त्याचा प्रायोगिक पुरावा दिला. १९४७ चे नोबेल पारितोषिक त्यांना याच संशोधनासाठी मिळाले. या आयनांबराचे थर सूर्यप्रकाशावर पोसले जातात. दिवसा सर्वांत खालचा थर कमी कंप्रतेच्या लहरी शोषून घेतो; रात्री तो नाहीसा होतो आणि ७ किंवा ३·५ मेगाहर्ट्झच्या लहरी दूरदूर जातात. उलट २१ किंवा २८ मेगाहर्ट्झचे पट्टे सूर्यावरील डागांच्या सुमारे अकरा वर्षांच्या चक्राप्रमाणे कधी जागे होतात, तर कधी महिनेच्या महिने मुके राहतात. यातून एक चमत्कारिक वस्तुस्थिती निर्माण होते. १४ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर दुपारी पुण्यातल्या हौशी मनुष्याला युरोपातील आवाज स्पष्ट ऐकू येईल, परंतु सव्वाशे किलोमीटरांवरील मुंबईतला आवाज बहुधा ऐकू येणार नाही. जमिनीलगतची लहर तेथवर पोहोचत नाही, आणि आकाशातून परतणारी लहर डोक्यावरून पुढे निघून जाते. जवळचा दुर्लभ आणि दूरचा सुलभ, असा हा व्यवहार आहे.

सदृशीकरण करणाऱ्या प्रणालीला हा सारा प्रकार संख्यांत उतरवावा लागतो. प्रत्येक सदस्याचे स्थान ठाऊक असते. वेळ, ऋतू आणि सूर्याची अवस्था ही माहितीही उपलब्ध असते. अमुक दोन ठिकाणांच्या दरम्यान अमुक कंप्रता अमुक वेळी चालेल काय, आणि चालल्यास किती जोराने, याचे अंदाज बांधण्याच्या पद्धती प्रक्षेपण केंद्रांच्या गरजेतून फार पूर्वीच सिद्ध झालेल्या आहेत. व्हॉइस ऑफ अमेरिकेसाठी तयार झालेला व्होॲकॅप हा कार्यक्रम त्यांपैकीच एक. पण सरासरी जोर कळून भागत नाही. लघुलहरींवरचा आवाज क्षणाक्षणाला चढतो, उतरतो, कधी पोकळ होतो, तर कधी पाण्याखालून आल्यासारखा वाटतो. याचे कारण असे की, एकच लहर दोन-तीन निरनिराळ्या मार्गांनी येते आणि तिच्या प्रती एकमेकींत मिसळून कधी एकमेकींस बळ देतात, तर कधी खोडून काढतात. वॉटरसन आणि त्यांचे सहकारी यांनी १९७० मध्ये याची एक सुटसुटीत गणिती प्रतिकृती मांडली. मूळ ध्वनीच्या दोन प्रती घ्याव्यात, त्यांपैकी एक किंचित उशिराने सोडावी, दोहोंचा जोर यदृच्छेने पण ठरावीक मंदगतीने बदलत ठेवावा आणि बेरीज करावी. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशींत ‘चांगल्या’ मार्गासाठी दोन प्रतींतील अंतर अर्धा मिलिसेकंद आणि बदलाचा विस्तार ०·१ हर्ट्झ, तर ‘वाईट’ मार्गासाठी २ मिलिसेकंद आणि १ हर्ट्झ असे दाखले घालून दिले गेले. इतक्या थोड्या आकड्यांत आकाशाचा लहरीपणा कानाला पटण्याजोगा उतरतो, ही गोष्ट आश्चर्याची आहे.

खरखरीची कथा याहून मनोरंजक आहे. इंटरनेटवरून बोलणे पाठविताना ध्वनीचा संक्षेप करावा लागतो. एकोलिंकसारख्या योजनांनी यासाठी भ्रमणध्वनीच्या जगातील जीएसएम पद्धती स्वीकारली. ती पद्धती म्हणजे गुन्नार फान्ट यांनी १९६० मध्ये आपल्या ग्रंथात विस्ताराने मांडलेल्या उगम-गाळणी सिद्धान्ताचेच व्यावहारिक रूप आहे, असे म्हटल्यास भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना नवल वाटू नये. स्वरतंतूंचा उगम वेगळा, मुखविवराची गाळणी वेगळी. ध्वनीऐवजी या दोहोंचे वर्णन तेवढे पाठवावयाचे. अशा पद्धतीला मानवी उच्चार चांगले कळतात, पण जे मानवी मुखातून आलेले नाही ते नीट कळत नाही. विजेचा कडकडाट तिच्यातून ओबडधोबड होऊन बाहेर पडतो. शिवाय खरखर ही स्वभावतःच अनपेक्षित, आणि जे सर्वाधिक अनपेक्षित तेच संक्षेपाला सर्वाधिक कठीण. तेव्हा आवाज स्वच्छ पाठवून खरखर प्रत्येक श्रोत्याच्या संगणकातच यदृच्छ संख्यांपासून उत्पन्न करणे सोयीचे ठरते. यात एक तथ्यही साधले जाते: खऱ्या रेडिओतही गोंगाट हा मुख्यतः ऐकणाऱ्याच्या बाजूला असतो. बोलणारा एक असतो. पण ज्याच्या त्याच्या कानी पडणारे बोलणे निराळे.

येथे मूळ प्रश्नाला हात घातला पाहिजे. दूरध्वनीच्या अभियंत्यांच्या अनेक पिढ्या आवाज निर्मळ करण्यासाठी खपल्या. असे असताना निर्मळ मिळालेला आवाज मुद्दाम गढूळ करण्याचे प्रयोजन काय? सर्वच प्रणालींनी हा मार्ग पत्करलेला नाही. क्यूएसओनेट या जाळ्यावर चालणाऱ्या सीक्यू-१०० या प्रणालीने संचाचे दर्शनी रूप आणि पट्ट्यांची मांडणी तेवढी ठेवली. आवाज मात्र स्वच्छ राखला, आणि प्रवेश केवळ परवानाधारकांना दिला. हॅमस्फिअरने याच्या नेमकी उलट निवड केली. तिने परवाना नसलेल्यांनाही आत घेतले, परंतु आकाश कृत्रिम रीतीने उभे केले. पुढील आवृत्तीत तर आभासी ॲंटेनांची निवडही सदस्यांच्या हाती दिली. एकीने माणूस खरा असावा असा आग्रह धरला, दुसरीने माध्यम खऱ्यासारखे असावे असा. हौशी रेडिओचा गाभा कशात आहे, याची ही दोन परस्परविरोधी उत्तरे आहेत, आणि भाषिक दृष्टीने पाहता दुसरे उत्तर अधिक मर्मग्राही आहे, असे म्हणावे लागते.

कारण हौशी रेडिओची भाषा गोंगाटाने घडवलेली आहे. क्लॉड शॅनन यांच्या १९४८ च्या सुप्रसिद्ध निबंधाने हे तत्त्व निश्चित केले की, गोंगाटातून संदेश सुखरूप न्यावयाचा तर त्यात पुनरुक्तता हवी. नैसर्गिक भाषेत ती भरपूर असतेच. आठ अक्षरांपलीकडील संबंध जमेस न धरता इंग्रजीत ती सुमारे निम्मी आहे, असा शॅनन यांचाच अंदाज होता. पण विशेषनामांच्या बाबतीत ही ठेव उपयोगी पडत नाही. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव रोमन अक्षरांत सांगणारा मराठी हौशी मनुष्य आणि सायप्रसमधील त्याचा श्रोता यांची कल्पना करावी. ‘डी’, ‘एन्’, ‘वाय्’ हा आरंभीचा क्रमच श्रोत्याच्या कोणत्याही अपेक्षेत बसणारा नसतो; हुकलेले अक्षर तर्काने भरून काढण्यास त्याच्यापाशी आधार नसतो. म्हणून ‘डेल्टा, नोव्हेंबर, यांकी’ असे म्हणत जावे लागते. भाषेत जी पुनरुक्तता नाही ती बाहेरून पुरवावी लागते. मराठी मनुष्य दूरध्वनीवर ‘भ, भटजीचा भ’ असे म्हणतो त्याच्या मुळाशी हेच तत्त्व आहे, आणि त्याची गरजही खरी आहे. कारण एकपार्श्व पद्धतीच्या रेडिओतून साधारणतः ३०० ते २,७०० हर्ट्झ एवढाच ध्वनी जातो, आणि ‘स’ या वर्णाची बहुतेक शक्ती याच्या वर असते. ‘स’ आणि ‘फ’ अशा खिडकीतून जवळजवळ सारखेच ऐकू येतात.

या ‘आल्फा, ब्राव्हो, चार्ली’ वर्णमालेच्या घडणीत एका भाषावैज्ञानिकाचा हात होता, ही गोष्ट फारशी परिचित नाही. माँट्रिऑल विद्यापीठातील प्राध्यापक झाँ-पॉल व्हिने यांनी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेसाठी १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस हे काम केले. इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिश या तिन्ही भाषकांना उच्चारता येतील व ओळखता येतील असे शब्द त्यांना हवे होते. १९५१ मध्ये आलेल्या पहिल्या यादीतील सी, एम्, एन्, यू आणि एक्स् या पाच अक्षरांचे शब्द वापरात टिकले नाहीत. ‘नेक्टर’ जाऊन ‘नोव्हेंबर’ आले, ‘मेट्रो’ जाऊन ‘माइक’ आले, आणि १ मार्च १९५६ पासून आजची वर्णमाला रूढ झाली. या चाचण्यांतून एक महत्त्वाचे तत्त्व हाती लागले. एखादा शब्द एकटा किती स्पष्ट आहे याने काही ठरत नाही. उरलेल्या पंचवीस शब्दांपासून तो गोंगाटात किती वेगळा राहतो, याने ठरते. हा विचार संरचनावादाच्या विद्यार्थ्याला ओळखीचा वाटावा.

आता निर्मळ आवाजाच्या प्रणालीत या साधनांचे काय होते? ती नाहीशी होत नाहीत. परवानाधारक मनुष्य स्वच्छ आवाजातही ‘आल्फा, ब्राव्हो’ म्हणतो, ‘क्यूएसएल’ म्हणतो, ‘सेव्हन्टी-थ्री’ म्हणून निरोप घेतो. परंतु त्यांचे कार्य पालटते. पूर्वी ती संदेश वाचवीत. आता बोलणारा कोणत्या गोतातला आहे एवढेच सांगतात. साधन होते त्याचे चिन्ह झाले.

अर्थात् हे परिवर्तन इंटरनेटने आरंभलेले नाही, हेही नमूद केले पाहिजे. हौशी रेडिओच्या भाषेत ते फार पूर्वीपासून चालू आहे. क्यू-संकेत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश तारायंत्र व्यवहारात आले आणि १९१२ च्या लंडन येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने ते सर्वत्र लागू केले. मूळच्या रूपात प्रत्येक संकेत म्हणजे एक संपूर्ण वाक्य होते. पुढे प्रश्नचिन्ह जोडले की त्याचा प्रश्न होई. हौशी लोकांनी या वाक्यांची नामे केली. ‘पोच मिळाली’ असे सांगणारा ‘क्यूएसएल’ हा संकेत पोच देणाऱ्या छापील पत्राचे नाव झाला; ‘माझे स्थान अमुक’ असे सांगणारा ‘क्यूटीएच’ म्हणजे घर; आणि ‘अमुक स्थानकाशी माझा संपर्क होऊ शकतो’ असे सांगणारा ‘क्यूएसओ’ म्हणजे खुद्द संभाषण. वाक्याचे नाम होण्याची इतकी नियमित प्रक्रिया एखाद्या लहान बोलीत, लेखी पुराव्यानिशी, क्वचितच सापडते. ‘७३’ या आकड्याची परंपरा तर रेडिओपूर्वीची, एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन तारबाबूंची आहे. भारतीय वाचकाला यात परके वाटण्याचे कारण नाही; जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद होईपर्यंत आपल्याकडेही दिवाळीच्या आणि विवाहाच्या शुभेच्छा क्रमांकांनीच जात असत.

सर्वांत बोलका दाखला श्रवणवृत्ताचा आहे. संपर्क होताच प्रत्येकाने दुसऱ्याचा आवाज कसा ऐकू येतो ते तीन अंकांत सांगावयाचे, अशी १९३४ पासूनची रीत आहे: सुगमतेसाठी १ ते ५, जोरासाठी १ ते ९ आणि मोर्सच्या बाबतीत स्वराच्या शुद्धतेसाठी १ ते ९. ही अगदी खरी माहिती होती, कारण बोलणाऱ्याला आपला आवाज तिकडे कसा पोहोचतो हे कळण्याचा दुसरा मार्गच नव्हता. पण स्पर्धांत गतीला महत्त्व आले आणि सर्वांना सरसकट ‘५९९’ देण्याचा प्रघात पडला. ज्याचे शब्द तीनदा विचारून घेतले त्यालाही ‘५९९’च. मोर्स स्पर्धांच्या सरावासाठी केलेला मॉर्स रनर हा संगणक-कार्यक्रम या बाबतीत फार उद्बोधक आहे. तो एकट्या शिकाऊ मनुष्यासमोर अनेक कल्पित स्थानकांची झुंबड उभी करतो. त्यात वीज, परक्यांचा अडथळा आणि चढउतार हे सारे आहे. शिवाय ‘लिड’, म्हणजे अनाडी चालक, उत्पन्न करण्याचीही सोय आहे. हे कल्पित अनाडी काय करतात? मध्येच बोलतात, चुकीचे पाठवितात, चुकीचे ऐकतात, आणि ‘५९९’ सोडून निराळे श्रवणवृत्त देतात. वस्तुस्थितीप्रमाणे खरे आकडे सांगणे हे अडाणीपणाचे लक्षण ठरावे, याहून त्या उक्तीच्या अर्थरिक्ततेचा अधिक स्पष्ट पुरावा कोणता हवा?

मॅलिनोव्हस्की यांनी १९२३ मध्ये ज्याला केवळ संबंध राखण्यासाठी केलेले बोलणे म्हटले, आणि याकोब्सन यांनी १९६० मध्ये संपर्काच्या धारेशी निगडित असे ज्याचे स्वतंत्र कार्य मानले, त्याचे उदाहरण म्हणून पाठ्यपुस्तकांत ‘काय, कसं काय’ यांसारखी वाक्ये देतात. हौशी रेडिओत ही दोन टोके एकाच उक्तीत भेटतात. धारा तुटली काय, हा येथे शब्दशः प्रश्न असतो. ‘५९९’ हे याकोब्सन यांच्या अर्थाने धारेची परीक्षा म्हणून जन्मले आणि मॅलिनोव्हस्की यांच्या अर्थाने कुशलप्रश्न म्हणून उरले. कृत्रिम आकाशाच्या प्रणालीत या गोष्टीला आणखी एक पीळ पडतो. तेथे दोन माणसांतील मार्गाचे गणित यंत्राने केलेलेच असते. आवाज तिकडे किती जोराने पोहोचला, हे यंत्राला श्रोत्याच्या आधी ठाऊक असते. ते आकडे दोघांच्याही पडद्यावर दाखवून टाकणे अवघड नाही. तसे केल्यास मात्र एकमेकांना विचारण्यासारखे काही उरत नाही. यंत्राला ठाऊक असलेली गोष्ट माणसापासून झाकून ठेवावी, तेव्हाच संभाषणाला विषय मिळतो. सदृशीकरणात निर्माण केलेली खरी वस्तू खरखर नव्हे, अज्ञान होय.

एका ठिकाणी मात्र अनुकरण हटकून उघडे पडते. ते म्हणजे काळ. रेडिओलहर सेकंदाला सुमारे ३,००,००० किलोमीटर जाते. पृथ्वीच्या पाठीवरील सर्वांत दूरचे, म्हणजे २०,००० किलोमीटरांवरचे ठिकाण ती सुमारे ६७ मिलिसेकंदांत गाठते. इंटरनेटवर ध्वनीचे तुकडे करणे, ते पाठविणे आणि आगेमागे आलेले तुकडे सावरण्यासाठी थोडे थांबणे यांत याच्या कितीतरी पट वेळ सहज जातो. दूरध्वनीसाठी आंतरराष्ट्रीय संघटनेने एका दिशेने १५० मिलिसेकंदांपर्यंतचा विलंब बहुतेक उपयोगांना न जाणवणारा आणि ४०० ही वरची मर्यादा मानली आहे. २००९ मध्ये दहा भाषांच्या तुलनेतून असे दिसून आले की, प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचा अवधी सरासरीने सुमारे २०० मिलिसेकंद एवढाच असतो. (त्या दहांत एकही भारतीय भाषा नव्हती, हे काम येथील विद्यार्थ्यांसाठी शिल्लक आहे.) म्हणजे प्रणालीचा विलंब आणि माणसाची स्वाभाविक पाळी यांचे माप एकाच जातीचे आहे. तथापि बोलण्याच्या व्यवहाराला याचा फारसा त्रास होत नाही, आणि याचे श्रेय पुन्हा जुन्या शिस्तीलाच आहे. एका वेळी एकानेच बोलावयाचे, आपले संपले की ‘ओव्हर’ म्हणावयाचे, ही रीत विलंबाला पुरून उरते. सॅक्स, शेग्लॉफ आणि जेफरसन यांनी १९७४ मध्ये दाखविले की, साध्या संभाषणात पाळी बदलण्याची जागा श्रोता आधीच ओळखतो. येथे ती ओळखण्याचे काम एका शब्दावर सोपविलेले आहे.

मोर्सच्या बाबतीत मात्र शिस्त कामी येत नाही. मिनिटाला वीस शब्दांच्या गतीने एक टिंब ६० मिलिसेकंदांचे असते. कुशल चालक आपल्याच दोन टिंबांच्या फटीतून समोरच्याचा हस्तक्षेप ऐकतो आणि तत्काळ थांबतो. २०० मिलिसेकंदांच्या विलंबाने ही फट बुजून जाते. तीन टिंबे निघून गेल्यावर मग हस्तक्षेप कानी येतो. एकाच दुर्मीळ स्थानकाला शेकडो जण एकदम हाका मारतात तेव्हा कोणी नेमके कोणत्या क्षणी शिरावे, यातील कौशल्यही अशाच सूक्ष्म वेळेवर अवलंबून असते. अनुकरणात हे कौशल्य बोथट होते, असा आक्षेप घेतला तर तो मान्य करावा लागेल.

परवान्याचा वाद येथे विस्ताराने घेण्याचे कारण नाही. २००३ च्या जागतिक रेडिओसंचार परिषदेने मोर्सच्या परीक्षेची आंतरराष्ट्रीय सक्ती काढून ती प्रत्येक देशाच्या इच्छेवर सोडली, आणि तेव्हापासून ‘खरा हॅम कोण’ या प्रश्नाला पूर्वीइतके निर्विवाद उत्तर राहिलेले नाही. सदृशीकरणात लहरीच नसल्यामुळे परवान्याची गरज उरत नाही. ज्यांच्यापाशी कॉल साइन नाही त्यांना प्रणाली आपल्यापुरती एक देते. भारतातील ‘व्हीयू’ने आरंभ होणारे चिन्ह शासनाने दिलेले असते आणि त्यामागे परीक्षा असते, प्रणालीने दिलेल्या चिन्हामागे तसे काही नसते. पण ज्या मुलाला इमारतीच्या गच्चीवर ॲंटेना उभारण्याची परवानगी मिळत नाही, किंवा ज्या वृद्ध परवानाधारकाला आता लहान खोलीत राहावे लागते, त्यांच्यासाठी हा भेद तितकासा मोलाचा नाही.

याहून गंभीर भेद दुसराच आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला, तेव्हा हौशी रेडिओ चालकांनी संपर्काचे काम केले. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या वेळी पोर्ट ब्लेअर येथे छंद म्हणून गेलेल्या हौशी पथकाचा संच अंदमानला मुख्य भूमीशी जोडणारा एक महत्त्वाचा दुवा ठरला. त्या वेळी जी भाषा वापरली गेली ती याच ‘आल्फा, ब्राव्हो’ची, याच ‘ओव्हर’ची होती, हजारो निरुद्देश संभाषणांत ती घोटली गेली होती म्हणूनच हाताशी होती. इंटरनेटवरील सदृशीकरणात हीच भाषा घोटून घेता येते, यात शंका नाही. कृत्रिम खरखरीत नाव टिपून घेण्याची सवय झालेला कान खऱ्या खरखरीतही ते टिपतो. परंतु जमीन हादरते तेव्हा तारा तुटतात, मनोरे कोसळतात, विद्युत्‌पुरवठा थांबतो. त्या दिवशी कृत्रिम आयनांबरही त्यांच्याबरोबरच नाहीसे होते. खरे तेवढे डोक्यावर असते. आणि त्याच्याशी बोलण्यासाठी एक बॅटरी, एक तार आणि ती भाषा येणारा एक मनुष्य लागतो.